चार-एस आधी की तीन-डी? संक्रमण धातूंच्या इलेक्ट्रॉन रचनेचा एक पाठ



लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांची मांडणी लिहायला सांगितली की अकरावीचा विद्यार्थी झरझर लिहून देतो : [आर्गॉन] ३डी(६) ४एस(२). चौकटी कंसातील आर्गॉन म्हणजे आतले १८ इलेक्ट्रॉन, आणि गोल कंसातील आकडा म्हणजे त्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ती संख्या. या लेखात सगळीकडे असेच लिहिले आहे. आता त्याच विद्यार्थ्याला विचारा, लोखंडाचा फेरस आयन होताना कोणते दोन इलेक्ट्रॉन निघून जातात? तो सांगेल, ४एसचे. मग आणखी एक प्रश्न विचारा. ४एसची ऊर्जा कमी म्हणून ते आधी भरते, असे तूच आत्ता सांगितलेस. मग कमी ऊर्जेच्या जागी सुखाने बसलेले इलेक्ट्रॉनच आधी बाहेर का पडले? येथे बहुतेक विद्यार्थी थांबतात. काही जण प्रामाणिकपणे म्हणतात, "सर, तसा नियमच आहे."

हे उत्तर परीक्षेत चालते, परंतु ते उत्तर नव्हे. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जो उपदेश केला त्याचा आशय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे : परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये; ती स्वतः तपासावी. विज्ञानाच्या तासाला हा उपदेश जितका लागू पडतो तितका तो क्वचितच दुसरीकडे लागू पडत असेल. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणारा राजा. मराठवाड्यातल्या आपल्या समाजाच्या पहिल्या पदवीधर पिढ्या ज्या दारातून आत गेल्या त्या दारावर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आज लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी सबंध महाराष्ट्रात ओळखली जातात. लोहा, कंधार, किनवट, अहमदपूर, निलंगा, उदगीर अशा तालुक्यांतून मुले-मुली खोली करून किंवा वसतिगृहात राहून येथे शिकतात. सराव, पुन्हा सराव आणि सतत चाचण्या हे लातूर पॅटर्नचे बळ आहे आणि त्याची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही. त्यामुळे अनेक गरीब घरांतली मुले डॉक्टर झाली. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, पैकी ४५ रसायनशास्त्राचे. एका प्रश्नाला एक मिनिट. अशा वेळी पाठांतर लागतेच. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतो तेव्हा त्याच्यावर दुहेरी ओझे पडते. शब्दही पाठ करायचा आणि कारणही पाठ करायचे. कारण एकदा मातृभाषेत समजले की शब्दाचे ओझे निम्मे होते. शिवाय ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, त्यांनी पाठ केलेले विसरले की त्यांच्याजवळ काहीच उरत नाही. समजलेले मात्र कागदावर पुन्हा मांडता येते. म्हणून हा पाठ.

प्रथम खोल्यांची ओळख करून घेऊ. अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉनांची कवचे असतात आणि कवचांत उपकवचे. एस उपकवचात एक ऑर्बिटल, पीमध्ये तीन, डीमध्ये पाच, एफमध्ये सात. एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात आणि त्या दोघांचे फिरकीचे वळण परस्परविरुद्ध असावे लागते. हा पाउलीचा नियम, १९२५ सालचा. म्हणून डी उपकवचात एकूण दहा इलेक्ट्रॉन. दुसरा नियम हुंडचा : सारख्या ऊर्जेच्या खोल्या असतील तर प्रत्येक इलेक्ट्रॉन आधी वेगळी खोली घेतो, दुसऱ्याच्या शेजारी नंतर बसतो. रिकाम्या एस.टी. बसमध्ये प्रवासी कसे चढतात ते आठवा. जो तो खिडकीशी एकेकटा बसतो, आणि सगळी बाके एकेकाने अडल्यावरच कोणीतरी "जरा सरका" म्हणतो.

आता क्रम. शाळेत एन अधिक एल हा नियम शिकवतात. ४एससाठी चार अधिक शून्य म्हणजे चार. ३डीसाठी तीन अधिक दोन म्हणजे पाच. चार लहान, म्हणून ४एस आधी. पोटॅशियम (१९) आणि कॅल्शियम (२०) यांना हा नियम नेमका लागू पडतो. त्यांचे शेवटचे इलेक्ट्रॉन ४एसमध्येच आहेत. पण हा नियम म्हणजे अनेक अणू पाहून बसवलेले सूत्र आहे, निसर्गाने काढलेली राजाज्ञा नव्हे. तो आपल्याला तटस्थ अणूची शेवटची मांडणी बहुतेक वेळा बरोबर सांगतो. इलेक्ट्रॉन त्या अणूत कोणत्या क्रमाने येऊन बसले, हे तो सांगत नाही. आणि आपली सगळी गल्लत येथेच होते.

स्कँडियम (२१) घेऊ. तटस्थ स्कँडियमची मांडणी ३डी(१) ४एस(२). त्याचे तिन्ही बाहेरचे इलेक्ट्रॉन काढून टाकले की आर्गॉनची रचना उरते. आता उलट दिशेने जाऊ. तीन धनभार असलेल्या या आयनात एक इलेक्ट्रॉन परत टाकला, तर तो कोठे बसेल? नियम म्हणतो, ४एसमध्ये. प्रत्यक्षात वर्णपटाच्या मोजणीतून दिसते की तो ३डीमध्ये बसतो. म्हणजे दोन धनभाराच्या स्कँडियमची मांडणी ३डी(१) आहे, ४एस(१) नाही. आणखी एक टाकला तर तो ४एसमध्ये जातो : ३डी(१) ४एस(१). तिसराही ४एसमध्येच. म्हणजे स्कँडियममध्ये ३डीची पातळी ४एसच्या खाली आहे, आणि तरीही शेवटचे दोन इलेक्ट्रॉन वरच्या ४एसमध्ये जातात!

हे कसे, ते समजण्यासाठी आपल्याकडच्या जुन्या घराचे उदाहरण पुरेसे आहे. आतली खोली उबदार पण अगदी अरुंद. बाहेरची ओसरी गार पण ऐसपैस. पहिला माणूस अर्थातच आत झोपतो. पण दुसराही त्याच खोलीत शिरला की दोघांची ढकलाढकली सुरू होते. तेव्हा दुसरा म्हणतो, त्यापेक्षा ओसरी बरी. ३डीचे ऑर्बिटल आकाराने आटोपशीर असते आणि अणुकेंद्राच्या जवळ असते, म्हणून त्यात दाटीने बसलेल्या इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण फार होते. ४एस पसरट आणि दूरवर फैलावलेले असते, तेथे प्रतिकर्षण कमी. एकेका पातळीची ऊर्जा पाहून भागत नाही. सबंध अणूची एकूण ऊर्जा ज्या मांडणीत कमी होते ती मांडणी निसर्ग स्वीकारतो. आणि घर सोडून कोणाला जायची वेळ आली तर कोण आधी निघेल? दाराशी असलेला, ओसरीवरचा. म्हणून लोखंडाचे ४एसचे दोन इलेक्ट्रॉन आधी जातात आणि फेरस आयन ३डी(६) होतो. आणखी एक गेला की फेरिक आयन ३डी(५).

मग पोटॅशियम-कॅल्शियमचे काय? तेथे अणुकेंद्रावरचा धनभार अजून पुरेसा नसतो, आणि ३डी अजून आत ओढले गेलेले नसते. आतली खोली बांधून व्हायची आहे, असे समजा. स्कँडियमपासून पुढे केंद्राचा भार एकेकाने वाढतो तसे ३डी भराभर आकसत खाली येते. श्वार्त्स नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी २०१० साली शिक्षकांसाठीच्या एका नियतकालिकात हा सगळा हिशोब सविस्तर मांडला. बहुतेक पाठ्यपुस्तके अजून जुनेच वाक्य छापतात. त्यात फार मोठा दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण विद्यार्थ्याला जो अंतर्विरोध खटकतो तो त्याच्या बुद्धीचा दोष नसून वाक्याचा दोष आहे, एवढे त्याला कळले पाहिजे.

हे खरे कशावरून? विज्ञानात नुसते उदाहरण चालत नाही, पुरावा लागतो. येथे चुंबकत्वाचा पुरावा फार सुंदर आहे. जितके एकेकटे इलेक्ट्रॉन तितके चुंबकत्व अधिक. एकेकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या घ्यावी, तिला त्या संख्येत दोन मिळवून गुणावे आणि वर्गमूळ काढावे, की बोर मॅग्नेटॉन या एककात अपेक्षित आकडा मिळतो. फेरिक आयनात ४एस आधी गेले असेल तर ३डी(५), म्हणजे पाच एकेकटे. पाच गुणिले सात पस्तीस, वर्गमूळ ५.९२. ३डीमधले आधी गेले असते तर ३डी(३) ४एस(२), म्हणजे तीन एकेकटे आणि आकडा ३.८७. नेहमीच्या फेरिक क्षारांत प्रत्यक्ष मोजमाप ५.९ च्या आसपास येते. प्रश्न निकालात निघाला. गंमत अशी, की फेरस आयनाने हा प्रश्न सुटत नाही. ३डी(६) मध्येही चार एकेकटे आणि ३डी(४) ४एस(२) मध्येही चारच. म्हणून साक्षीदार निवडताना कोणता साक्षीदार बोलू शकतो हे आधी पाहावे लागते. जस्त मात्र स्वच्छ बोलते. जस्ताचा आयन ३डी(१०) असेल तर एकही एकेकटा नाही आणि चुंबकाला तो दाद देणार नाही. ३डी(८) ४एस(२) असता तर दोन एकेकटे असते. झिंक सल्फेट चुंबकाकडे आकर्षित होत नाही.

आता क्रोमियम आणि तांबे, परीक्षेतले लाडके अपवाद. क्रोमियम (२४) हा ३डी(४) ४एस(२) नसून ३डी(५) ४एस(१) आहे. तांबे (२९) हे ३डी(९) ४एस(२) नसून ३डी(१०) ४एस(१) आहे. कारण म्हणून "अर्धे किंवा पूर्ण भरलेले उपकवच अधिक स्थिर असते" हे वाक्य सर्वत्र पाठ केले जाते. वाक्य खोटे नाही. ते अर्धे खरे आहे. त्यामागची गोष्ट अशी की सारख्या फिरकीचे इलेक्ट्रॉन एकमेकांना स्वभावतःच टाळतात, त्यामुळे त्यांचे प्रतिकर्षण घटते. हा फायदा सारख्या फिरकीच्या जोड्यांवर मोजतात. चार डी इलेक्ट्रॉनांत अशा जोड्या सहा, पाचांत दहा. शिवाय ३डी(४) ४एस(२) मध्ये दोन इलेक्ट्रॉनांना ४एसच्या एकाच ऑर्बिटलमध्ये जोडीने बसावे लागते. ३डी(५) ४एस(१) मध्ये सहाच्या सहा इलेक्ट्रॉनांना स्वतंत्र खोली मिळते. क्रोमियमपर्यंत ३डी पुरेसे खाली आलेले असल्याने हा सौदा परवडतो.

पण "अर्धे भरलेले म्हणून" हे एकमेव कारण मानले तर लगेच अडचण येते. क्रोमियमच्या खाली त्याच गणात मॉलिब्डेनम आहे : ४डी(५) ५एस(१). ठीक. त्याच्या खाली टंगस्टन, विजेच्या जुन्या दिव्यातील तारेचा धातू. त्याची मांडणी ५डी(४) ६एस(२)! अर्धे भरण्याची संधी समोर असून त्याने घेतली नाही. जड अणूंत केंद्राजवळून जाणाऱ्या एस इलेक्ट्रॉनांचा वेग इतका प्रचंड असतो की सापेक्षतावादाचा परिणाम जाणवतो, ६एस खोल ओढले जाते, आणि तेथे दोघे बसणे स्वस्त पडते. उलट निओबियम पाहा : ४डी(४) ५एस(१). अर्धेही नाही, पूर्णही नाही, तरी एस मधला एक इलेक्ट्रॉन डीमध्ये आला. पॅलेडियमने तर ५एस पुरते रिकामे केले आहे : ४डी(१०). तेव्हा विद्यार्थ्यांनी परीक्षेत ते वाक्य अवश्य लिहावे, गुण त्याला आहेत. पण मनात त्याच्यापुढे "इत्यादी" असे लिहून ठेवावे.

अर्धे भरलेले उपकवच खरोखर आपला प्रभाव कोठे दाखवते, ते आकड्यांत पाहू. अणूमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. एकक किलोजूल प्रति मोल. मँगनीजची पहिली ७१७, दुसरी १५०९, तिसरी ३२४८. लोखंडाची ७६२, १५६१ आणि २९५७. पहिल्या दोन ऊर्जा लोखंडाच्या जास्त आहेत आणि तिसरी मात्र कमी. का? मँगनीजचे दोन इलेक्ट्रॉन गेले की ३डी(५) उरते. पाच खोल्यांत पाच जण. ती घडी मोडायला जबर किंमत पडते. लोखंडाचे दोन गेले की ३डी(६) उरते. एका खोलीत दोघे अडचणीत बसलेले, त्यातला एक निघाला तर उरलेल्यांना बरेच वाटते.

आणि याचा लातूर-नांदेडच्या शेताशी थेट संबंध आहे. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी. अशा जमिनीत ऊस, भुईमूग, सोयाबीन यांची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. उसावर हे झाले की शेतकरी केवडा पडला म्हणतात. माती परीक्षकाला विचारले तर तो सांगतो, लोहाची कमतरता. वास्तविक काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली त्यात लोह भरपूर असते. गोदावरीच्या किंवा मांजरेच्या वाळूतून चुंबक फिरवून पाहा, काळे कण मिशीसारखे चिकटून येतात. ते मॅग्नेटाइट, ज्यात दर एका फेरसमागे दोन फेरिक आयन असतात. मग कमतरता कसली? लोह आहे, पण फेरिक रूपात. आणि विम्लधर्मी मातीत फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. घरात धान्य आहे पण कोठीला कुलूप, तशी पिकाची गत. म्हणून पानांवर हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी करतात. हिराकशीचे फिकट हिरवे द्रावण तसेच ठेवले तर हवेतल्या ऑक्सिजनने ते पिवळसर तांबूस होत जाते : ३डी(६) चे ३डी(५) होते. म्हणूनच द्रावण ताजे वापरायला सांगतात आणि त्यात थोडे सायट्रिक आम्ल घालतात. ज्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी ही फवारणी केली आहे त्याने हा धडा पुस्तकाच्या आधी शेतात पाहिलेला असतो, फक्त त्याला कोणी तसे सांगितलेले नसते.

रंगांकडे येऊ. संक्रमण धातूंची संयुगे बहुधा रंगीत असतात. धातूच्या आयनाभोवती पाणी किंवा इतर रेणू येऊन बसले की डीच्या पाच सारख्या खोल्यांची ऊर्जा सारखी राहत नाही; काही वर जातात, काही खाली. खालचा इलेक्ट्रॉन प्रकाशातला नेमका एक हिस्सा गिळून वरच्या रिकाम्या जागेत उडी मारतो आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतो. मोरचूद, जो शेतकरी चुन्याबरोबर बोर्डो मिश्रणात वापरतात, तो तांब्याचा ३डी(९) आयन. तो लालसर प्रकाश गिळतो, म्हणून निळा. शिक्षकांच्या देखरेखीखाली मोरचुदाचा खडा परीक्षानळीत तापवा : पाणी उडून जाते आणि खडा पांढरट होतो. दोन थेंब पाणी टाका, पुन्हा निळा. आयनाचे इलेक्ट्रॉन तेच आहेत, शेजारी बदलले म्हणून रंग बदलला. (मोरचूद विषारी आहे, हात धुवावेत.) त्याच दुकानात मिळणारे झिंक सल्फेट मात्र पांढरे, कारण ३डी(१०); उडी मारायला रिकामी जागाच नाही. याच कारणाने काटेकोर व्याख्येत जस्ताला संक्रमण मूलद्रव्य धरत नाहीत. आपल्या महाराष्ट्राच्या बेसॉल्टमध्ये पुण्याजवळ वाघोली येथे कॅव्हान्साइट नावाचे विलक्षण निळे खनिज सापडते, जगभरचे संग्राहक त्यासाठी धडपडतात. तो निळेपणा व्हॅनेडियमच्या अवघ्या एका डी इलेक्ट्रॉनाचा आहे.

येथे एक सापळा आहे, नीटमध्येही तो लावतात. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट गर्द जांभळे असते. त्यातल्या मँगनीजचे सातही इलेक्ट्रॉन हिशोबाने गेलेले, म्हणजे ३डी(०). उडी मारायला कोणी नाही, तरी रंग? तो रंग ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन प्रकाश गिळून मँगनीजकडे जातो त्यामुळे येतो.

अजिंठ्याला सहलीला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. तेथील भित्तिचित्रांतला तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवडीचा. दोन्ही लोहाची संयुगे आणि दोन्हींत लोह फेरिक, ३डी(५). पिवडीत पाण्याचा अंश बांधलेला असतो. ती भाजली की पाणी निघून जाते आणि तिचा गेरू होतो. हिरवा रंग हिरव्या मातीचा, जिच्यात फेरस आणि फेरिक दोन्ही लोह एकत्र असते. पद्मपाणीच्या लेण्यासमोर उभे राहून आपण ज्या रंगांना नमन करतो त्यांचा मोठा भाग असा एकाच धातूने दिलेला आहे. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, बाहेरून आणलेला. आणि त्या निळ्यात संक्रमण धातूचा हात नाही, तो गंधकाच्या अणूंच्या एका छोट्या समूहामुळे आहे. रंग दिसला की डी इलेक्ट्रॉन, असे समीकरण करणाऱ्यांसाठी अजिंठ्याच्या भिंतीवरच उत्तर लिहिलेले आहे.

उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होता. त्या बीदरची बिदरी कलाकुसर आपल्याकडच्या जुन्या घरांतूनही दिसते : काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी. तो धातू म्हणजे बहुतांश जस्त आणि थोडे तांबे. घडवलेल्या वस्तूवर नवसागर मिसळलेल्या किल्ल्यातील मातीचा लेप दिला की जमीन काळी पडते आणि चांदी तशीच लखलखीत राहते. हा काळेपणा त्या थोड्या तांब्यामुळे येतो, निव्वळ जस्ताला तो चढत नाही. गंमत पाहा, या एका सुरईत जस्त ३डी(१०) ४एस(२), तांबे ३डी(१०) ४एस(१) आणि चांदी ४डी(१०) ५एस(१) असे तिघेही भरलेल्या डीचे सोबती आहेत, आणि तिघांचे स्वभाव तीन. नुसती मांडणी लिहिता आली म्हणजे धातू कळला असे होत नाही, ते यासाठी.

ओसरीवरचा इलेक्ट्रॉन आधी निघतो, या विषयात आपल्या देशाचे एक मोठे नाव आहे, ते विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही. डॉ. मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली गरीब दुकानदाराच्या घरी जन्म. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे पंगतीतला भेदभावही त्यांच्या वाट्याला आला. त्यांनी १९२० साली उष्णतेने अणूंचे किती प्रमाणात आयनीभवन होते याचे समीकरण दिले, आणि सूर्याच्या बाह्य थरात कॅल्शियमच्या आयनाच्या रेषा इतक्या ठळक का दिसतात याचा उलगडा झाला. त्या आयनात बाहेरच्या दोन ४एस इलेक्ट्रॉनांपैकी एक निघून गेलेला असतो.

शेवटी एक अभ्यास. विहारातल्या अभ्यासिकेत चार जण मिळून करावा, एकट्याने करण्यात मजा नाही. दुसऱ्या आयनीभवन ऊर्जांची ही ओळ पाहा : व्हॅनेडियम १४१४, क्रोमियम १५९१, मँगनीज १५०९. आणि ही दुसरी : निकेल १७५३, तांबे १९५८, जस्त १७३३. केंद्राचा भार वाढत जातो तशी ऊर्जाही वाढत जावी, अशी आपली अपेक्षा. मग दोन्ही ओळींत मधलाच आकडा दोन्ही शेजाऱ्यांहून मोठा का? पाच मिनिटे विचार करा आणि मगच पुढचे वाचा. क्रोमियम आणि तांबे यांच्या ओसरीवर एकच जण होता. पहिल्या खेपेला तो गेला. दुसऱ्या खेपेला इलेक्ट्रॉन आतल्या खोलीतून काढावा लागतो. मँगनीज आणि जस्त यांच्या ओसरीवर तेव्हाही एक जण शिल्लक असतो.